तिसऱ्या कडव्यातला खोकला

आमच्या मजल्यावर किस्से शोधायला कुठे जावं लागत नाही. दार उघडं ठेवून तांदूळ निवडत बसलं की ते आपले आपण येतात, शेपटी वर करून, मांजरीसारखे. एक आत आला की त्याच्या मागोमाग दुसरा!

मी कुणाच्या घरात डोकावत नाही, हे आधीच सांगून ठेवते. लालबागच्या चाळीत डोकावावं लागतच नाही. गॅलरी एक, मधली भिंत एक. शेजारणीने फोडणीत लसूण टाकली की हिंग, हे मला बसल्या जागी कळतं. आमचे हे म्हणतात, "शैला, तू पोलिसात जायला हवं होतंस." मी म्हणते, "दहावीला गणित आडवं आलं, नाहीतर गेलेच असते!"

तर या साठलेल्या किश्शांमध्ये निम्मे तरी एकाच गाण्याचे आहेत. गाणं शेजारच्या नलूवहिनींचं. आणि त्या गाण्यातला खोकला त्यांच्या नवऱ्याचा, म्हणजे आमच्या भालूभावजींचा.

*

नलूवहिनी मूळच्या कणकवलीकडच्या. लग्न होऊन चाळीत आल्या तेव्हापासून आजूबाजूला कुठेही हळद असली की त्यांना बोलावणं असायचं. त्या जात्याशी बसून गायला लागल्या की मुलीकडच्यांच्याच नाही, आचाऱ्याच्या डोळ्यांतसुद्धा पाणी! अशाच एका हळदीत कॅसेट काढणारा एक शेठ जेवायला आला होता. जेवण बाजूला ठेवून गाणं ऐकलं आणि म्हणाला, "बाई, दादरला या. हे गाणं आपण रेकॉर्ड करू."

दादरला स्टुडिओ म्हणजे एक खोली. भिंतींना गाद्या लावलेल्या. त्यांची लेक सायली तेव्हा अंगावर पिणारी, कुणाकडे राहायची नाही. म्हणून भालूभावजी तिला मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसले.

आता ते गाणं असं आहे. आई हळद दळते आणि लेकीला एकेक गोष्ट विचारते. तिसऱ्या कडव्यात विचारते, "परत कधी येशील?" आणि तिथे सगळं थांबतं. ढोलकीसुद्धा. लेक काहीच बोलत नाही. मग पुन्हा जातं फिरायला लागतं.

शेठने बजावलं होतं, "या जागेला कुणी श्वाससुद्धा घ्यायचा नाही!"

भालूभावजी माझगावच्या गोदीत फिटर. साहेबाने सांगितलेलं ऐकायची सवय. त्यांनी खरंच श्वास रोखून धरला. वहिनींनी विचारलं, परत कधी येशील? ढोलकी थांबली. सगळीकडे शांतता. आणि कोपऱ्यातून...

"खॉक!"

पुन्हा रेकॉर्ड करायला वेळ नव्हता. पुढची पार्टी पेटी-तबला घेऊन दारात उभी. शेठने कपाळाला हात लावला, मग म्हणाला, "राहू द्या. लग्नघर आहे, लग्नघरात माणसं खोकतात!"

कॅसेट तशीच बाजारात आली. त्या दिवशी दादरहून लालबागपर्यंत दोघं चालत आले, वहिनी पुढे आणि भावजी पोरीला घेऊन मागे. वहिनींनी वाटेत मागे वळूनही बघितलं नाही. चाळीच्या जिन्यात मात्र थांबल्या आणि म्हणाल्या, "पोर रडली नाही. तुम्ही खोकलात!"

*

कॅसेट वाजून वाजून झिजली. मग टेपरेकॉर्डर बिघडला, मग तो दुरुस्त करणाराच गावी गेला. मधे बरीच वर्षं गाणं असं कुठे नव्हतंच. वहिनी गायच्या, तेवढंच.

सायली कॉलेजला गेली तेव्हा एक दिवस धावत गॅलरीत आली. "काकू, आईचं गाणं सापडलं! शेठच्या मुलाने जुनी गाणी इंटरनेटवर विकायला ठेवलीत!"

भालूभावजींनी लगेच अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि म्हणाले, "घेऊया विकत." सायलीने कॉम्प्युटरवर काय काय दाबलं, बँकेचा नंबर घातला, आणि म्हणाली, "झालं बाबा."

भावजी दारात खुर्ची टाकून बसले. दुपार झाली, चहा झाला. कुरियरवाला खालच्या मजल्यावर येऊन गेला तर त्याला वरून हाक मारली, "ओ! तावडे, दुसरा मजला! विसरलात काय?"

सायली बाहेर आली. "बाबा, कुणाची वाट बघताय?"

"गाण्याची."

"अहो, ते आलंय कधीच! कॉम्प्युटरमध्ये आहे."

भावजी एरवी आपल्यासारखं बोलतात, पण डोकं फिरलं की मालवणी सुरू. "पैशे दिले आणि हातात कायच नाय? ह्यो कसला धंदो?"

शेवटी त्यांच्या समाधानासाठी सायलीने खरेदीची पावती छापून आणली. भावजींनी ती लॅमिनेट करून घेतली आणि भिंतीवर लावली, कुलदेवतेच्या फोटोशेजारी. त्यांच्याकडे आलेला एक पाहुणा ती लांबून बघून मला म्हणाला, "मुलगी डबल ग्रॅज्युएट आहे वाटतं!"

*

पुढचा किस्सा दुसऱ्याच दिवशीचा.

घरात नवी वस्तू आली की आपल्याकडे काय करतात? फ्रिज असो, मिक्सर असो, सायकल असो. हळदकुंकू लावतात, अक्षता टाकतात, नारळ फोडतात. सायलीने गाणं एका पेन ड्राइव्हमध्ये घालून वडिलांच्या हातात दिलं. हातात देण्यासारखं काहीतरी मिळाल्यावर भावजींचा आनंद काय विचारता! पाटावर तांदळाची रास, राशीवर पेन ड्राइव्ह. मजल्यावरच्या सगळ्यांना बोलावणं. वहिनींनी ओवाळलं. भावजींनी चांगलं ओलं कुंकू कालवून पेन ड्राइव्हला लावलं. बाहेरून लावलं असतं तर ठीक होतं. त्यांनी टोपण काढून लावलं.

"तोंडाला लावायला हवं ना," म्हणाले.

मग तो पेन ड्राइव्ह कशाला चालतोय! सायलीने कपाळ बडवलं. भावजींचा चेहरा तर गोदीत जहाज बुडाल्यासारखा. "गेला? विकत घेतलेला गाणा गेला?"

"नाही गेलं बाबा. आपण घेतलंय ना, पुन्हा उतरवून घेता येतं."

"पुन्हा पैसे?"

"नाही हो, एकदाच भरायचे असतात!"

बस. त्या दिवसापासून भावजी विकत घेण्याचे भक्त झाले. एक कॉपी फोनमध्ये. एक त्या छोट्या स्पीकरच्या कार्डात, ज्याच्यावर ते रोज सकाळी दाढी करताना गाणं लावतात. एक कणकवलीच्या घरी तांदळाच्या डब्यात. आणि एक माझ्याकडे आणून दिली. "वयनी, तुमच्याकडे ठेवा. आमच्या घराक काय झाला तर."

मी म्हटलं, "भावजी, भिंत एकच आहे. तुमच्या घराला काही झालं तर आमचं काय राहणार?"

तरी मी ती ठेवली. मंगळसूत्राच्या डबीत आहे अजून.

*

आता मी जे सांगते तो किस्सा नाही, पण सांगितल्याशिवाय पुढचं लागणार नाही. वहिनींच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ होती, ती साधी निघाली, देवाची कृपा. पण आवाज फाटला. बोलतात सगळं, भांडतातसुद्धा, पण सूर लागत नाही. हॉस्पिटलमधून आल्यावर एकदा स्वयंपाकघरात दार लावून त्यांनी गाऊन बघितलं. मी भिंतीच्या अलीकडे होते. अर्ध्या ओळीवर थांबल्या आणि मग भांडी घासल्याचा आवाज यायला लागला. पुन्हा त्यांनी प्रयत्न केला नाही.

म्हणजे आता वहिनींचा आवाज राहिला तो त्या एका गाण्यातच.

तेव्हापासून त्यांनी एक गोष्ट मनाशी धरली. मला भाजी निवडताना सांगितलं, "शैला, आख्ख्या लालबागच्या पोरींना मी हळदीला गायले. माझ्या सायलीच्या हळदीला माझाच आवाज हवा. पण खोकल्याशिवाय! सासरची माणसं हसायला नकोत."

*

याच सुमारास आमच्या मजल्यावर क्लाउड आलं. आणलं प्रमोदने. कोपऱ्यातल्या खोलीतला प्रमोद, फोर्टला विमा कंपनीत आहे, मोबाइलमधलं सगळं कळतं. सगळे पम्याच म्हणतात. तो भावजींना म्हणाला, "काका, गाणी विकत कसली घेता? जमाना गेला! महिन्याचे थोडे पैसे भरायचे, जगातली सगळी गाणी ढगात तयार. पाहिजे तेव्हा ऐका. काकींचं गाणंही आहे त्यात!"

"आणि पैसे भरायचे बंद केले तर?"

"मग बंद होणार."

"म्हणजे भाड्याने!" भावजी म्हणाले. "मेल्या, जन्म गेला भाड्याच्या खोलीत. गाणं तरी मालकीचं असू दे!"

पण वहिनींना ते आवडलं. भावजींच्या स्पीकरला हात लावावा लागत नाही, आपल्या फोनवर आपण ऐकायचं. पम्याने त्यांना आपलंच खातं जोडून दिलं. मग मी म्हटलं, मलाही दे. मग खालच्या मजल्यावरच्या दोघींनाही दिलं. पम्याचं मन मोठं, खातं मात्र एकट्या माणसाचं! एका वेळी एकीकडेच वाजणार. इथे कुणी गाणं लावलं की फोर्टला पम्याच्या कानातलं बंद.

संध्याकाळी घरी येऊन तो गॅलरीत उभ्या उभ्या सांगायचा, "काकी आज सव्वाअकराला कांदा चिरायला बसल्या. शैलाकाकू, तुम्ही दुपारी झोपला नाहीत, भजनं ऐकत होता. आणि खालच्या काकूंकडे नातू आलाय ना? अंगाईगीत लागलं होतं."

सगळं बरोबर! मी ह्यांना म्हटलं, "बघा, माझं कामसुद्धा मशीनने घेतलं."

पम्याचे हाल वेगळेच. त्याचं ॲप गोंधळून गेलं. हा माणूस नेमका कोण, तेच त्याला कळेना. ऑफिसच्या पार्टीत साहेबासमोर म्हणाला, "सर, माझी आवडती गाणी लावतो," आणि स्पीकर जोडला. तर आधी अंगाईगीत, मग हरिपाठ, मग हळद. साहेबाने खांद्यावर हात ठेवला. "प्रमोद, घरी सगळं ठीक आहे ना?"

*

मग एक दिवस चमत्कार झाला.

वहिनी फोनवर गाणं ऐकत पोळ्या लाटत होत्या. तिसरं कडवं आलं. परत कधी येशील? ढोलकी थांबली. मी इकडे सवयीने वाट बघतेय. आणि काहीच नाही! नुसती शांतता, आणि मग जातं सुरू!

वहिनी लाटणं घेऊनच गॅलरीत आल्या. "शैला! ऐकलंस? खोकला गेला!"

पम्याने शोधून काढलं. शेठच्या मुलाने कॉम्प्युटरवर जुनी गाणी साफ करून घेतली होती. खरखर काढली, पंख्याची घरघर काढली आणि भावजींनाही काढलं. वहिनींनी त्याच दिवशी शिरा केला आणि मजलाभर वाटला. इतक्या वर्षांचा मनातला सल निघाला, तोंडावर नुसता विजय! मला म्हणाल्या, "आता येऊ देत कुठल्याही घरची माणसं हळदीला."

भालूभावजींनी शिरा घेतला नाही.

"ह्यांनी माका गाण्यातसून काढून टाकल्यानी," मला म्हणाले. "कोणी इचारल्यान काय?"

पम्या म्हणाला, "काका, ढगातलं त्यांनी बदललं की सगळ्यांकडचं बदलतं. विचारत नाहीत."

भावजींनी खिशातून पेन ड्राइव्ह काढून पम्याच्या नाकासमोर धरला. "ह्याच्यातला बदलून दाखव!"

दुसऱ्या दिवशी दाढीच्या वेळी स्पीकर रोजच्या दुप्पट आवाजात. खोकला तर असा की खालच्या रस्त्यावरच्या मसालेवाल्याने वर बघितलं. संध्याकाळी वहिनींचं साफ गाणं, तेही तेवढ्याच आवाजात. सकाळी खोकला, संध्याकाळी साफ! मजल्यावर दोन पार्ट्या पडल्या. मी दोन्हीकडे होते. एका पार्टीत राहिलं तर दुसऱ्या पार्टीतलं कसं कळणार?

*

सायलीचं लग्न ठरलं. मुलगा ठाकूरद्वारचा, तिच्या ऑफिसातलाच. बोलणी करायला मंडळी आली. मुलाची आई शाळेत गाणं शिकवणारी, एकदम शुद्ध बोलणं, हातात पर्सही शुद्ध. मी पोहे घेऊन गेले होते. म्हणजे वहिनींनी केले होतेच, पण मीही केले. नाहीतर आत जायला कारण काय?

मुलाच्या आई म्हणाल्या, "तुम्ही गात होता असं सायली सांगत होती."

वहिनींनी पम्याकडे बघितलं. पम्याने आधीपासून तयार ठेवलेला फोन पुढे केला. साफ गाणं सुरू झालं. त्या बाई डोळे मिटून ऐकायला लागल्या, मांडीवर बोटांनी ठेका. वहिनी ताठ बसल्या होत्या, बक्षीस घ्यायला स्टेजवर बोलावल्यासारख्या. दुसरं कडवं झालं. तिसरं आलं. परत कधी येशील? ढोलकी थांबली. खोलीत टाचणी पडली तरी ऐकू यावी.

आणि भिंतीजवळ बसलेले भालूभावजी,

"खॉक!"

मुद्दाम नाही हो! मी शपथेवर सांगते, मुद्दाम नाही. रोज सकाळी दाढी करताना इतकी वर्षं ऐकलेलं, त्या जागेला घशातून आपोआप आलं. त्यांचं त्यांनाच कळलं नाही. मुलाच्या वडिलांनी घाईघाईने पाण्याचा पेला पुढे केला. "घ्या, घ्या, ठसका लागला वाटतं."

वहिनींनी नवऱ्याकडे असं बघितलं की पेल्यातलं पाणी उकळलं असतं.

पण त्या बाईंनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "काय आवाज आहे हो! हळदीला हेच गाणं लावायचं. आमच्याकडच्या सगळ्या बायकांना मी सांगून ठेवते."

जिंकलो! मंडळी जिना उतरल्यावर वहिनींनी मला मिठी मारली. मग आत जाऊन म्हणाल्या, "अहो, हळदीच्या दिवशी तुम्ही गाणं वाजेल तेव्हा खाली जाऊन उभं राहायचं. मसाल्याच्या दुकानापाशी!"

"बरं," भावजी म्हणाले.

*

हळदीचा दिवस. चौकात मांडव, खुर्च्या, पाटा-वरवंटा, जातं, सगळं जागच्या जागी. ठाकूरद्वारहून फोन आला, मुलाची हळद झाली, उष्टी हळद घेऊन बायका निघाल्या.

पम्या मोठा स्पीकर जोडत होता. फोन काढला, गाणं शोधलं. आणि तसाच उभा राहिला.

"काय रे?" मी म्हटलं.

नाव दिसत होतं, पण पुसट. दाबलं तर वाजत नव्हतं. खाली लिहून आलं होतं की हे गाणं सध्या उपलब्ध नाही. पम्याने फोन बंद करून चालू केला. नेट बदललं. दुसऱ्याचा फोन घेतला. मग गच्चीवर धावला. आमचे हे म्हणाले, "ढगाच्या जवळ जाऊन मागतोय वाटतं." मी त्यांना कोपर मारलं.

पम्या खाली आला तो पडक्या चेहऱ्याने. "शेठच्या मुलाचं आणि कंपनीचं काहीतरी बिनसलंय म्हणे. सगळी गाणी काढून घेतली."

"अरे, मग ते विकायचे तिथून घे ना!"

"काकू, ते दुकान कधीच बंद झालं."

नलूवहिनी स्वयंपाकघरात पाटावर बसल्या. नवी पैठणी नेसलेल्या, केसात गजरा, आणि चेहऱ्यावर रंग नाही. फाटक्या आवाजात एवढंच म्हणाल्या, "सगळ्यांच्या पोरींना गायले."

मला वाटलं, आता भालूभावजी बोलणार. इतकी वर्षं भाड्याचं आणि मालकीचं म्हणून वाद घातला, हा त्यांचा दिवस होता! पण ते उठून आरशापाशी गेले. खालचा तो दाढीच्या वेळचा छोटा स्पीकर उचलला, त्यातलं कार्ड काढलं, धोतराच्या सोग्याने पुसलं आणि वहिनींच्या समोर धरलं.

वहिनींनी मान हलवली. "नको. त्या बाई गाण्यातल्या आहेत. बायकांना सांगून आणलंय त्यांनी. त्यांच्यासमोर खोकला नको. मुक्याने लागू दे हळद."

भावजींनी हात मागे घेतला.

तेवढ्यात सायली आतून आली, पिवळ्या साडीत, हातात हिरवा चुडा. वडिलांच्या हातातलं कार्ड तिने काढून घेतलं.

"आई, मी त्या गाण्यात आहे ना? बाबांच्या मांडीवर?"

"आहेस. पण ऐकू येत नाहीस."

"बाबा ऐकू येतात की," सायली म्हणाली. "मला तेच हवंय." आणि सरळ जाऊन पम्याच्या हातात दिलं.

ठाकूरद्वारच्या बायका आल्या. पुढे त्या बाई, हातात हळदीची वाटी. सायली पाटावर बसली. भालूभावजी ठरल्याप्रमाणे मसाल्याच्या दुकानाकडे निघाले होते, तर सायलीने हाक मारली, "बाबा, कुठे? इथे बसा." ते तिच्या मागे, जात्याला टेकून बसले. वहिनी लांब, खांबाला धरून उभ्या. नजर खाली.

गाणं सुरू झालं. मोठ्या स्पीकरवर वहिनींचा तो जुना आवाज चौकात भरला, चारी मजल्यांवर चढला. गॅलरीतल्या बायका कठड्याला येऊन उभ्या राहिल्या. पहिलं कडवं झालं, पहिल्या मजल्यावरून कुणीतरी सुरात सूर मिसळला. दुसऱ्याला सगळाच चौक गात होता. रोज दाढीच्या वेळी ऐकलेलं, पाठ कुणाला नव्हतं! त्या बाई हळद लावता लावता थांबून वर चारी बाजूंना बघायला लागल्या.

तिसरं कडवं आलं. मी वहिनींकडे बघत होते. त्यांनी खांब घट्ट धरला.

परत कधी येशील?

ढोलकी थांबली. गाणारे थांबले.

आणि चारी मजल्यांवरून, गॅलरीतून, जिन्यातून, मांडवातून, आचाऱ्यापासून पम्यापर्यंत, रस्त्यावरचा मसालेवालासुद्धा, एकाच क्षणी, एकाच सुरात,

"खॉक!"

कबुतरं उडाली. कुणी ठरवलं होतं, कुणी कुणाला सांगितलं होतं, मला आजपर्यंत कळलेलं नाही. मला! त्या ठाकूरद्वारच्या बाई आधी दचकल्या, मग हळदीच्या हाताने तोंड झाकून हसायला लागल्या, गालांवर पिवळे ठसे घेऊन.

जातं पुन्हा फिरायला लागलं. गाणं पुढे गेलं.

एकटे भालूभावजी तेवढे खोकले नव्हते. तोंड उघडं होतं, पण आवाज काही आला नाही. दोन्ही हात सायलीच्या खांद्यांवर, आणि नुसते बघत बसले होते.

नलूवहिनी खांब सोडून पुढे आल्या. पाटाशी वाकल्या, वाटीतली हळद घेऊन नवऱ्याच्या गालाला लावली, आणि त्या फाटक्या आवाजात, सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं म्हणाल्या,

"अहो, आज चुकलात तुम्ही!"